बंदरावरचे दस्तरखान

कोकणी मुसलमान आणि देशावरचा मुसलमान यांच्यात सोयरीक जुळली, की पहिली थट्टा कोळंबीवरून होते. मुलीकडचे कोकणातले असतील तर ताटात कोळंबीचे कालवण येते, तिसऱ्यांचे सुके येते. सोलापूर-लातूरकडून आलेले व्याही ते पाहून हळूच विचारतात, "भाईसाहेब, हे आपल्यात चालतं का?" हाच प्रसंग आता समुद्रकाठच्या हॉटेलांतही घडू लागला आहे. हर्णै, मुरूड, रत्नागिरी, मालवण अशा बंदरांवर सुट्टीत देशावरची कुटुंबे येतात. समुद्राकडे तोंड करून मांडलेल्या टेबलांवर दुपारची फिश थाळी मागवली जाते. मग एकाच टेबलावर कुणी शेवंडीवर ताव मारतो, कुणी फक्त सुरमईच्या तुकडीवर थांबतो, तर कुणी कोळंबी खातो पण खेकडा बाजूला सारतो. चौघेही मुसलमान, चौघेही मराठी, आणि चौघांची ताटे वेगळी!

कोण बरोबर, याचा निकाल देण्याचा अधिकार उलेमांचा. आम्हाला तो द्यायचा नाही. परंतु ही वेगळी ताटे आम्हाला एखाद्या शिलालेखासारखी वाटतात. कोणाचे पूर्वज कोणत्या वाटेने या मुलखात इस्लामशी जोडले गेले, ते या ताटांवर लिहिलेले आहे. ही लिपी वाचायला आपण शिकलो तर आपला बराच इतिहास हाती लागेल.

किनाऱ्यावरची एक जुनी पंगत

आपल्या परंपरेत समुद्रकाठच्या जेवणाची एक फार जुनी हकीकत आहे. हजरत जाबिर बिन अब्दुल्लाह यांनी ती सांगितली आणि बुखारी व मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत ती नोंदली गेली. हजरत अबू उबैदा बिन जर्राह यांच्या नेतृत्वाखाली तीनशे माणसांची एक तुकडी पैगंबर मुहंमद (स.) यांनी समुद्रकिनाऱ्याकडे पाठवली होती. शिदोरी संपत आली. माणशी रोज एक खजूर मिळू लागला. पुढे तोही संपला. माणसे काठीने झाडांची पाने झोडून, पाण्यात भिजवून खाऊ लागली. अशा पानांना अरबीत 'खबत' म्हणतात, म्हणून या मोहिमेचेच नाव 'जैश अल्-खबत', म्हणजे पानांची फौज, असे पडले.

अशा वेळी समुद्राने एक प्रचंड मासा किनाऱ्यावर आणून टाकला. त्याची बरगडी उभी केली तेव्हा तिच्याखालून स्वारासकट उंट गेला, असे वर्णन आहे. अबू उबैदा प्रथम अडखळले. हे तर मेलेले जनावर! मग त्यांनी विचार केला, की आपण अल्लाहच्या वाटेवर आहोत आणि नाइलाजात सापडलो आहोत, तेव्हा खायला हरकत नाही. कित्येक दिवस सारी तुकडी त्या माशावर जगली. मदिनेस परतल्यावर पैगंबरांना हे सांगण्यात आले. त्यांनी हे अल्लाहने दिलेले अन्न असल्याचे सांगितले, थोडे उरले आहे का असे विचारले, आणि आणून दिलेला तुकडा स्वतः खाल्ला.

फिकहच्या पंडितांनी या शेवटच्या तुकड्याला फार महत्त्व दिले. मदिनेत उपासमार नव्हती, नाइलाज नव्हता. तरीही पैगंबरांनी तो खाल्ला. म्हणजे समुद्राचे अन्न ही केवळ संकटातली सवलत नव्हे. ते मुळातच हलाल आहे. कुरआनच्या पाचव्या सूरेत (अल्-माइदा, आयत ९६) समुद्रातली शिकार आणि तिचे अन्न हलाल ठरवले आहे, तेही प्रवाशांच्या सोयीचा उल्लेख करून. 'माइदा' या शब्दाचा अर्थच मुळी अन्न वाढलेले मेज.

कूफा आणि गाझा

मग एवढे स्पष्ट असताना मतभेद कशाचा? मतभेद आहे तो 'समुद्राचे अन्न' म्हणजे नेमके काय, याचा. इमाम अबू हनीफा (मृत्यू हिजरी १५०, म्हणजे इ.स. ७६७) कूफ्याचे. त्यांच्या मताप्रमाणे पाण्यातल्या जिवांपैकी फक्त मासा हलाल. तोही आपोआप मरून पाण्यावर उलटा तरंगत असेल तर खाऊ नये. इमाम शाफई यांचा जन्म त्याच हिजरी १५० सालचा, भूमध्य समुद्राकाठच्या गाझा येथील. हिजरी २०४ मध्ये (इ.स. ८२०) ते इजिप्तमध्ये वारले. त्यांच्या मजहबात समुद्रात राहणारे बहुतेक सर्व जीव हलाल मानले गेले. जे पाण्यात आणि जमिनीवर दोन्हीकडे जगतात त्यांच्याबाबत मात्र शाफई ग्रंथांतही खल आहे. कोकणातल्या कित्येक मुसलमान घरांत कोळंबी, तिसऱ्या, कालवे सर्रास शिजतात, पण खेकडा आणत नाहीत, त्याचे मूळ इथे आहे.

कूफा नदीकाठचे आणि गाझा समुद्राकाठचे म्हणून मते वेगळी झाली, असा सोपा निष्कर्ष कुणी काढू नये. दोन्ही इमामांची मते कुरआन-हदीसच्या वाचनातून आली होती. परंतु ही मते पुढे कुठे पसरली, ते मात्र भूगोलाने ठरवले. जहाजांच्या वाटेवर शाफई मजहब रुजला. येमेन, पूर्व आफ्रिकेचा किनारा, केरळचे मोपला, भटकळचे नवायत, कोकण, श्रीलंका आणि तेथून थेट जावा-सुमात्रा! चौदाव्या शतकात इब्न बतूता या किनाऱ्याने गेला. आजच्या कर्नाटकातल्या होन्नावरचे मुसलमान शाफई असल्याचे त्याने नोंदवले आहे. मोगादिशूतही त्याला हाच मजहब आढळला. या सगळ्या बंदरांवर दुपारी जेवायला बसलेल्या माणसाला ताटात कोळंबी दिसली तर नवल वाटत नसे.

हनफी मजहब मात्र आपल्याकडे खुश्कीच्या वाटेने आला. मध्य आशियातून दिल्ली, दिल्लीहून दख्खन. १२९६ साली अलाउद्दीन खिलजीची देवगिरीवर स्वारी झाली. १३२७ साली मुहंमद तुघलकाने राजधानी दौलताबादेस आणली. त्याबरोबर सैनिक, कारागीर, काझी, सूफी असे अनेक लोक आले आणि त्यांतले बरेच दख्खनमध्येच राहिले. इथल्या मातीतल्या असंख्य लोकांनी त्यांच्या सहवासात इस्लाम स्वीकारला. या माणसांच्या ताटात ज्वारीची भाकरी होती, मटण होते, नदीचा मासा होता. कोळंबीचा प्रश्न त्यांच्यापुढे येण्याचे कारणच नव्हते.

कोळंबी मासा आहे की नाही, यावर पुढे हनफी उलेमांतही चर्चा झालीच. प्राणिसृष्टीवर ग्रंथ लिहिणाऱ्या अल्-दमीरींनी तिला लहानसा मासा म्हटले होते. त्याचा आधार घेऊन मौलाना अशरफ अली थानवींनी ती खाण्यास मोकळीक दिली. बरेलीच्या मौलाना अहमद रझा खाँ यांनी मतभेद असल्याने टाळणे बरे, असा सल्ला दिला. तेव्हा देशावरच्या व्याह्यांच्या प्रश्नामागे अडाणीपणा नाही. त्यामागे कित्येक शतकांची विद्या आहे. आणि कोकणी विहिणीच्या कालवणामागेही तेवढीच आहे.

चौल, संजाण, माहीम

महाराष्ट्रात मुसलमान आले ते तलवार घेऊन, घाट उतरून, एवढेच अजूनही अनेकांच्या मनात असते. किनाऱ्याचा इतिहास वेगळे सांगतो. अरब प्रवासी अल्-मसऊदी हिजरी ३०४ मध्ये (इ.स. ९१६ च्या सुमारास) सैमूरला, म्हणजे आपल्या चौलला आला. तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याचे तो लिहितो. ओमान, सिराफ, बसरा, बगदाद येथून आलेले तर होतेच, परंतु या देशातच जन्मलेल्या मुसलमानांसाठी 'बयासिरा' असा स्वतंत्र शब्द तो देतो. म्हणजे अलाउद्दीन देवगिरीला येण्याच्या जवळजवळ चारशे वर्षे आधी चौलच्या बंदरात इथे जन्मलेले, इथे वाढलेले मुसलमान होते. मराठी ज्या काळात आकार घेत होती, त्याच काळात त्यांची मुले या किनाऱ्यावर बोलायला शिकत होती.

मसऊदीनंतर दहाच वर्षांनी लिहिलेला एक ताम्रपट डहाणूजवळच्या चिंचणीला सापडला. शके ८४८, म्हणजे इ.स. ९२६. राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळात संजाणचा कारभार एका ताजिक, म्हणजे अरब, अधिकाऱ्याकडे होता. ताम्रपटात त्याचे नाव 'मधुमती' असे आले आहे. हे मुहंमद या नावाचे संस्कृत रूप! एका मठासाठी राजाच्या संमतीने त्याने दिलेल्या दानाचा तो लेख आहे. त्यातच या अधिकाऱ्याची आणखी दोन कामे नोंदलेली आहेत. त्याने दोन प्रवाहांवर फुकट नावांची सोय केली, आणि संजाणला एक अन्नछत्र घातले. तिथे भात, कालवणे आणि तूप विनामूल्य मिळत असे.

आमच्या मते कोकण किनाऱ्यावरच्या खानावळींचा इतिहास कुणी लिहायला घेतला, तर त्याने पहिले पान इथे लिहावे. एक मुसलमान अधिकारी, त्याचा वरिष्ठ हिंदू राजा, मठाला दान, वाटसरूला नाव आणि भुकेल्याला भात. त्या ताटात मासळी होती असे लेख म्हणत नाही, आणि आम्हीही म्हणत नाही. परंतु बंदरात उतरलेल्या परक्या माणसाला दुपारचे जेवण मिळाले पाहिजे, ही जाणीव तिथे आहे. आणि ती ज्याच्या नावावर आहे, त्याचे नाव मुहंमद आहे.

पुढे माहीमच्या बेटावर मखदूम अली माहिमी (मृत्यू १४३१) झाले. अरबस्तानाशी नाते सांगणाऱ्या नवायत घराण्यातले, शाफई मजहबाचे पंडित, कुरआनचे भाष्यकार. त्यांच्या दर्ग्यावर आजही सर्व जातिधर्मांचे लोक येतात. समुद्राच्या वाटेने केवळ घोडे आणि खजूर आले नाहीत, विद्याही आली, याची ती खूण आहे.

ताटात कोण कोण आहे

आता त्या फिश थाळीकडे पुन्हा पाहू. भात इथला, नारळ इथला, आमसूल आणि तिरफळ इथले. मिरची मात्र अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ती आणली. याच पोर्तुगीजांनी १५०८ च्या डिसेंबरात दाभोळ लुटून जाळले. त्यांचा परवाना, म्हणजे 'कार्ताझ', घेतल्याशिवाय आपल्या नाखुद्यांना आपल्याच समुद्रात जहाज हाकता येईना. आज जिच्यावाचून माशाचे कालवण लाल होत नाही, ती मिरची दाभोळ जाळणाऱ्यांच्या जहाजांतून आली. इतिहास असाच असतो. तो निवडून घेता येत नाही.

आणि भाषा? बंदर हा शब्द फारसी. दर्या फारसी. जहाजाचा धनी तो नाखुदा. त्याचाच आपल्या कोळी बांधवांनी 'नाखवा' केला. खलाशी आणि सुकाणू अरबीतून आले. मासेमारीचा जो 'मोसम' आपण म्हणतो, तो अरबी 'मौसिम'. कोळीगीतांत हे शब्द इतके घरचे झाले आहेत, की ते परके आहेत असे सांगितले तर गाणाऱ्याला हसू येईल. हे शब्द कुणी फर्मान काढून लादलेले नाहीत. एकाच होडीत बसून वल्ही मारताना ते एका तोंडातून दुसऱ्या तोंडात गेले.

मासे पकडणारेही आपल्यात होते आणि आहेत. १८८० साली प्रसिद्ध झालेल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या गॅझेटिअरात दालदी मुसलमानांची मच्छीमार म्हणून नोंद आहे. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात आजही त्यांच्या होड्या लागतात. इंग्रजांच्या आगबोटींवर डेकवरची कामे करणारे खलाशी आणि सारंग यांत रत्नागिरीकडचे मुसलमान मोठ्या संख्येने होते, तर जेवणाच्या दालनात गोव्याचे ख्रिस्ती बांधव. आता आपली मुले दुबईला, कुवेतला गेली आणि रत्नागिरीच्या होड्यांवर नेपाळहून आलेले तरुण खलाशी म्हणून राबताना दिसतात. समुद्र तोच, वल्ही मारणारे हात बदलले.

शेवंडीचा वाद

या जहाजांवरून कोकणी मुसलमान दूरदूर गेले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून कुलाबा-रत्नागिरीकडच्या गावांतली माणसे दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला जाऊन राहिली. तिथे त्यांना एक गोष्ट ओळखीची वाटली असणार. तिथले जुने मुसलमान, ज्यांना केप मलाय म्हणतात, तेही शाफईच होते. डचांनी त्यांच्या पूर्वजांना गुलाम किंवा कैदी म्हणून पूर्वेकडच्या बेटांवरून आणले होते, आणि त्यांच्यापैकी कित्येकांचे पोट मासेमारीवर होते.

याच गावात कोळंबीच्या थट्टेचा एक मोठा, कडू अवतार घडून गेला होता. १८६३ साली तुर्कस्तानच्या सुलतानाने पाठवलेले अबू बक्र एफेंदी नावाचे विद्वान केपला पोहोचले. माणूस तळमळीचा. मुलामुलींसाठी त्यांनी शाळा चालवल्या. तिथल्या लोकांच्या भाषेत, म्हणजे आफ्रिकान्समध्ये, पण अरबी लिपीत त्यांनी धर्माचे पुस्तक लिहिले. ते १८७७ साली इस्तंबूलला छापले गेले. आफ्रिकान्स भाषेच्या इतिहासात आज त्या पुस्तकाला मानाचे स्थान आहे. परंतु ते हनफी मताप्रमाणे शिकवत, आणि शेवंड हलाल नाही असे त्यांनी सांगितले. ज्यांची चूलच समुद्रावर पेटत होती, त्या लोकांत मोठा वाद माजला. पिढ्यान्पिढ्या आपण आणि आपले आईबाप हराम खात आलो काय, हा प्रश्न त्यांच्या जिव्हारी लागला. एफेंदी १८८० साली तिथेच वारले. केपचे मुसलमान बहुसंख्येने शाफईच राहिले.

दूरच्या देशातली ही गोष्ट येथे सांगण्याचे कारण आहे. एक विद्वान दुसऱ्या किनाऱ्यावर गेला, आणि तिथल्या माणसांचा इतिहास वाचण्यापूर्वी त्याने त्यांच्या ताटावर निकाल दिला. दोन्ही बाजूंना धर्माची चाड होती. एकमेकांच्या वाटेची ओळख तेवढी नव्हती. आपल्यातही कोकणी म्हणजे 'कच्चे', दख्खनी म्हणजे 'कोरडे' अशी भाषा अधूनमधून कानावर येते. ती बोलणाऱ्याने आधी समोरच्याचा नकाशा पाहावा.

जबिहा नसलेले मेज

या साऱ्यात एक गोष्ट मात्र अशी आहे, जिच्यावर चारही मजहबांचे एकमत आहे. मासळीला जबिहा लागत नाही. कोंबडीचे किंवा मटणाचे ताट समोर आले की मुसलमान विचारतो, हे हलाल आहे का? कापणारा कोण, नाव कोणाचे घेतले? मासळीबाबत हा प्रश्नच उद्भवत नाही. ती कोळ्याने पकडली, भंडाऱ्याने पकडली, दालद्याने पकडली किंवा नेपाळी पोराने, सर्व सारखेच. म्हणून कोळणीची पाटी मुसलमान मोहल्ल्यात बिनदिक्कत येत राहिली, आणि दालद्याच्या होडीतला बांगडा हिंदूंच्या घरात शिजत राहिला.

महाराष्ट्रातल्या हिंदू-मुसलमानांना एकत्र बसून सर्वांत कमी प्रश्न विचारत जेवता येईल, असे मेज कोणते? ते बंदरावरच्या खानावळीतले! ते प्रत्यक्षात नेहमीच तसे होते असे म्हणणे खोटेपणाचे ठरेल. जातीची विटाळ-चांडाळ होती. इंग्रजी अमलात रेल्वे स्टेशनांवर हिंदू पाणी आणि मुस्लिम पाणी वेगळे होते. आजही काही मेजांवर दारूच्या बाटल्या आल्या म्हणून आपली कुटुंबे उठून दुसरीकडे जातात, आणि काही ठिकाणी मालकाचे नाव वाचून गिऱ्हाइके परत फिरतात. अलीकडच्या काळात 'हलाल' या शब्दावरूनच वाद उकरले गेले. तरीही धर्माने स्वतःहून मोकळे ठेवलेले हे मेज आहे, हे आपण विसरता कामा नये.

१९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. त्यानंतर किनाऱ्यावर जेवणाच्या हॉटेलांची रांग लागली. मालवणी, आगरी, कोळी, सारस्वत अशा पाट्या झळकल्या. त्या झळकल्याचा आम्हाला आनंदच आहे. परंतु कोकणी मुसलमानांच्या स्वयंपाकाची पाटी क्वचितच दिसते. दोष पाटी लावणाऱ्यांचा नाही. आपल्या नानी-दादींनी सोड्यांचे, सुकटीचे, मोरीचे, तिसऱ्यांचे जे शंभर प्रकार केले, ते आपण लिहून ठेवले नाहीत. आपले लेखक उर्दू शेरोशायरीचा वारसा सांगतात, बिर्याणीचा सांगतात. दालदी घरातल्या तांदळाच्या भाकरीचा आणि बांगड्याचा सांगताना संकोचतात. त्यात गरिबी दिसते, असे त्यांना वाटत असावे.

या संकोचाची किंमत मोठी आहे. 'तुम्ही कुठून आलात?' हा प्रश्न आपल्या मुलांना शाळेत, नोकरीत, घर भाड्याने घेताना विचारला जातो. त्याला उत्तर द्यायला मोठमोठ्या लढायांचा इतिहास फारसा उपयोगी पडत नाही. चौलचे बयासिरा, संजाणचे अन्नछत्र, माहीमचे मखदूम, मिरकरवाड्यातली होडी आणि घरातले कोळंबीचे कालवण हे उत्तर आहे. देशावरच्या मुलांसाठी ज्वारीची भाकरी आणि खुल्दाबादचे सूफी हे उत्तर आहे. दोन्ही उत्तरे मराठीत देता येतात, कारण ती मराठीतच घडली.

तेव्हा ज्यांच्या घरात म्हातारी माणसे अजून आहेत, त्यांनी वही घेऊन त्यांच्याजवळ बसावे. कोणता मासा कोणत्या मोसमात, कोणत्या वाटणात, कोणत्या शब्दाने बोलावला जात होता, ते लिहून घ्यावे. आजोबा कोणत्या आगबोटीवर होते, कोणत्या बंदरात जेवले, कोणाबरोबर जेवले, ते विचारावे. आणि व्याह्यांनी कोळंबीबद्दल विचारलेच, तर रागावू नये, हसूही नये. त्यांना सुरमईची तुकडी वाढावी आणि सांगावे, की आमची वाट समुद्राची, तुमची घाटाची. दस्तरखान एकच आहे.